आंदणाची गाडी

आज सकाळी पुन्हा तो भोंगा आला. ऑटोच्या टपावर दोन्हीकडे तोंडं करून बांधलेला. आत बसलेला माणूस श्वास न घेता हिंदीत ओरडत होता, "आइए, आइए! धीमी बाइक प्रतियोगिता! जो सबसे धीरे, वही सबसे आगे!" मी अंगणात दात घासत होती. ब्रश तोंडात तसाच राहिला आणि डोकं तापलं. इतक्या वर्षांनी तापायला नको, असं घरचे म्हणतात. म्हणोत. डोकं माझं आहे, कधी तापवायचं ते मी ठरवीन. शीतल नाव ठेवलं म्हणून जन्मभर थंड राहण्याचा काही करार केलेला नाही मी.

दिवाळी झाली की आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या हवेला एक वास येतो. कापलेल्या धानाचा, दवानं भिजलेल्या तणसाचा, आणि लालबर्राच्या रस्त्यावर ओळीनं उभ्या असलेल्या राईस मिलांतून उडणाऱ्या कोंड्याचा. सकाळी नाकात कोंडा जातो आणि दुपारी डोळ्यांत. धानाच्या बांधीत पाणी आटून माती नुसती ओलसर राहिलेली असते, तिच्यात पाय रुतत नाही पण ठसा उमटतो. आता मोठमोठी यंत्रं येतात आणि एका सकाळीत अख्खं वावर साफ करून जातात. तेव्हा विळ्यानं कापायचे. भारे बांधायचे, खळ्यात आणून पुंजणी रचायचे. धानाचं पुंजणं म्हणजे आमच्या पोरपणचा डोंगर, त्याच्या आडोशाला थंडी लागत नसे. हा मोसम सगळ्यांना आवडतो. मलाही आवडत होता, एका सालापर्यंत.

आणि याच दिवसांत मंडई. पुण्या-मुंबईच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी दिसते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावागावानं आपापला दिवस धरून भरवलेल्या जत्रेला मंडई म्हणतात. पाळणे, जिलेबी, पोंगे वाजवणारी पोरं, दंडारीचं नाटक बघायला दाटलेली माणसं. घरोघरी पाहुणे. आणि पाहुण्यांच्या मागोमाग सोयरिकी. अर्धी लग्नं मंडईच्या जेवणावर ठरतात. कोणाची पोरगी कोणाला पाणी द्यायला बाहेर आली, यावर गावातल्या म्हाताऱ्यांचं बारीक लक्ष. बाप्पा, काय ते लक्ष! वावरातल्या डुकरांवर एवढं लक्ष ठेवलं असतं तर कोठ्या भरल्या असत्या.

त्या मंडईच्या दिवसांत शहरातल्या मैदानावर ही हळू गाडी चालवण्याची स्पर्धा सुरू झाली होती. लोकांना हे पहिल्यांदा ऐकून हसू येतं. मोटारसायकल आणि हळू? पण चालवून बघा. आधी केशरी कोन ठेवलेले असतात, त्यांच्यामधून सापासारखं वळत जायचं. मग आठचा आकडा काढायचा, तोही असा आखडलेला की हँडल शेवटपर्यंत वळवल्याशिवाय सुटका नाही. मग एका लाकडी फळीवरून. आणि शेवटी चुन्यानं आखलेला अरुंद पट्टा, तिथे जो सगळ्यांत जास्त वेळ लावील तो मोठा. कुठेही पाय टेकला की बाद. जोरात गाडी कोणीही पळवतो. कान पिळला की पळते, त्यात काय अक्कल लागते? हळू गाडीला तोल लागतो, आणि तोलाला डोकं लागतं. भरवेलीच्या खाणवस्तीतली पोरं मोठ्या रुबाबात यायची, सायलेन्सर काढून, आणि पहिल्याच आठमध्ये कोंबडीसारखे दोन्ही पाय खाली.

मला हे येत होतं. कुठे शिकली म्हणाल तर गुरांत शिकली. मी पशुविभागात नोकरीला लागली होती, गावोगाव जाऊन गुरांना लस टोचायची. बाबूजींची जुनी मोटारसायकल मला मिळाली होती. हट्टा गावाच्या बाजूला आमचं थोडं वावर होतं आणि माझ्या कामाची गावंही तिकडचीच. गोठ्यांच्या गल्ल्या अशा की एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला शेणाचा ढीग आणि मधोमध म्हैस. म्हशीला हॉर्न समजत नाही. तिच्या मागे तिच्या चालीनं जावं लागतं, खाली पाय टेकला तर गुडघ्यापर्यंत शेण. तिथे मी अर्धा क्लच शिकली. सुट्टीच्या दिवशी खळ्यात जाऊन पुंजण्यांच्या मधून गाडी फिरवायची. बाया भारे बांधता बांधता थांबायच्या आणि म्हणायच्या, "काय व शीतल, बैलासारखी गोल गोल काहून फिरून राह्यली?"

"दवन करून राह्यली," मी म्हणायची, म्हणजे धानाची मळणी, आणि त्या हसायच्या. ते हसणं मला कधी लागलं नाही.

पण बाबूजींची ती गाडी लांबुडकी होती. हँडल अर्ध्यातच अडकायचं, क्लच असा कडक की अर्ध्या तासात बोटं दुखायची, आणि पहिल्या गिअरमध्येही हळू केलं की आचके देऊन बंद पडायची. त्या गाडीवर म्हशीच्या मागे जाता येतं, आखडलेला आठ काढता येत नाही. मला त्या मैदानावर उतरायचं होतं. एकदाच, पण नीट. सगळ्या शहरासमोर भोंग्यातून माझं नाव ऐकायचं होतं. एवढीच माझी इच्छा होती आणि ती काही जगावेगळी नव्हती. त्यासाठी दुसरी गाडी पाहिजे होती.

गाडी आली. पण कशी आली ते सांगते.

उन्हाळ्यातच माझी सोयरीक ठरली होती, लालबर्रावाल्यांकडे. राईस मिलवाले. पोराचं नाव मी इथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही ते पुढे समजेलच. आमच्याकडे लग्नात नवरदेवाला आंदण म्हणून मोटारसायकल देतात. मांडवाच्या दाराशी उभी करतात, झेंडूची माळ घालून, सीटवरचं प्लास्टिक तसंच ठेवून. लोक नवरीच्या आधी गाडी बघतात. कागद नवरदेवाच्या नावानं आधीच करून ठेवतात, म्हणजे बापाची दानत पक्की समजायची. याला कोणी हुंडा म्हणत नाही. म्हटलं तर राग येतो. "आम्ही कुठं मागतली? त्यायनं खुशीनं देल्ली," असं म्हणतात. हौ, खुशीनं!

तर धनतेरस आली आणि बाबूजी मला म्हणाले, "चाल बेटा शोरूममंदी. गाडी तूच निवड. घरात गाडीतलं तुलेच समजते."

आता यावर हसावं की रडावं? ज्या पोरीला गाडीतलं समजतं तिला गाडी नाही घ्यायची. तिच्याकडून निवडून घ्यायची आणि ज्याला समजत नाही त्याला द्यायची. हा शहाणपणा फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतो. आणि बाबूजींच्या मनात कपट नव्हतं, त्याचंच तर मला जास्त वाईट वाटतं. ते सिंचाई विभागात बाबू होते, साधे, कोणाला उलट न बोलणारे. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला मान देत आहेत.

शोरूममध्ये धनतेरसची झुंबड. प्रत्येक गाडीभोवती एक अख्खं खानदान. सेल्समन बाबूजींशी बोलत होता, माझ्याकडे न बघता मला म्हणाला, "मैडम, स्कूटी उधर है."

"गाडी तीच निवडणार हाय," बाबूजी म्हणाले. "तिलेच विचारा."

त्यानं मला एक भलीमोठी गाडी दाखवली. टाकी अशी फुगलेली, पावसाळ्यातल्या बेडकासारखी. "दामाद जी पर जचेगी," तो म्हणाला. लोक गाडी घेताना हेच बघतात, दारात उभी केली तर कशी दिसते. आणि मग मायलेज. मी आधी हँडल बघितलं. डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत. त्या बेडकाचं हँडल थोडंसं वळलं आणि टाकीला जाऊन भिडलं. मी सरळ पुढच्या गाडीकडे गेली. तो मागून मायलेज सांगत होता.

त्या दुपारी मी जेवढ्या गाड्यांवर बसली तेवढ्या पाटांवरही कधी बसली नसेल. बसलं की आधी टाचा बघायच्या, दोन्ही जमिनीला टेकतात की नाही. स्पर्धेत पाय टेकवायचा नसतो हे खरं, पण टेकू शकतो हे माहीत असलं की टेकवायची पाळी येत नाही. मग वजन. वजन कमी पाहिजे, आणि जे आहे ते खाली पाहिजे. उंच टाकीत भरलेलं वजन वळणात अंगावर येतं. दोन चाकांमधलं अंतर कमी, म्हणजे गाडी जागच्या जागी फिरते. क्लच दोन बोटांनी दबला पाहिजे, आणि सोडताना एकदम नाही, सावकाश पकडला पाहिजे, कारण हळू गाडी सगळी त्या मधल्या पकडीवर चालते. उजव्या हाताची रेस एकसारखी ठेवायची, मागचा ब्रेक पायानं नुसता धरून ठेवायचा, आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, लावला की गाडी आडवी झालीच समजा. हे मी त्या सेल्समनला सांगितलं नाही. त्यानं विचारलंच नाही.

शेवटी एका कोपऱ्यात ती मिळाली. सगळ्यांत साधी, बुटकी, अंगानं सडसडीत. दूधवाले घेतात तसली. हँडल रुंद आणि हवं तेवढं वळणारं. मी ती शोरूमच्या आतच ढकलत गोल फिरवली, लोकांच्या पायांमधून, आणि कोणाला धक्का लागला नाही. मला इतका आनंद झाला की ती कोणासाठी घेतोय हे मी विसरूनच गेली. खोटं कशाला बोलू, घटकाभर ती माझीच होती.

"हेच?" बाबूजी म्हणाले. "लहान नाई होत?"

"बाबूजी, हेच."

मग बाहेर येऊन मी त्यांना स्पर्धेचं सांगितलं. मंडईच्या मोसमात आहे, लग्नाच्या आधी. तोवर गाडी आपल्याच अंगणात राहणार. ते म्हणाले, "लग्नाच्या आंधी एकदा चालवून घेजो. मी सांगतो त्यायले." शब्द दिला मला. मागितला नव्हता, त्यांनीच दिला. म्हणून मी ही गोष्ट सोडत नाही.

दिवाळी झाली आणि साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, लालबर्राची मंडळी आली. दोन जीपगाड्या भरून. पाय धुवायच्या आधी सगळे गाडीभोवती. मी आतून खिडकीतून बघत होती, डोक्यावर पदर, हातात पोह्यांचा ट्रे. नवरदेवानं गाडीच्या भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "थोडी लहान हाय. पण चालन." त्याच्या मामानं सीटवरचं प्लास्टिक बोटानं दाबून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे पहा व्याही, गाडी अशीच कोरी पाह्यजे मांडवात. पहिली बैठक नवरदेवाची. आमच्यात रीत हाय."

"हौ, हौ," बाबूजी म्हणाले.

हौ हौ! एवढंच. मी ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नवरदेवानं पोह्याची बशी उचलली आणि विचारलं, "तुमाले गाडी येते म्हणे?"

"येते," मी म्हटलं.

"मंग आता मांगं बसाची सवय करा लागन," असं म्हणून तो हसला, त्याचा मामा हसला, आणि आमच्याही घरचे दोघेतिघे हसले.

पाहुणे गेल्यावर मी बाबूजींना धरलं. "तुम्ही म्हटलं होतं."

"अव, त्यायच्यासमोर कसा म्हणू? पोरीचा बाप होय ना मी. लग्न होऊ दे, मंग रोज चालवजो."

"लग्नानंतर मागं बसायचं आहे म्हणे."

"गंमत केली त्यानं."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "एका गाडीपायी सोन्यासारखी सोयरीक घालवशीन का? हळू बोल जरा, शेजारी ऐकून राह्यले!"

हळू बोल. मला हा शब्द लहानपणापासून पाठ आहे. हळू बोल, हळू हस, हळू चाल, पाय आपटत जाऊ नको. आमच्या घरात पोरांना कोणी हळू म्हटलं नाही. मग काय झालं, ते हळूच माझ्या अंगात मुरलं. ज्या गोष्टीचा मला आयुष्यभर धडा दिला तीच गोष्ट मैदानावर करून दाखवायची म्हटलं तर सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. याला काय म्हणावं? मी त्या दिवसांत रागानं जेवत नव्हती. नंतर जेवायला लागली, कारण उपाशीपोटी गाडीचा तोल जातो.

गाडी अंगणात उभी. सकाळी तिच्यावर दव पडायचं आणि आई फडक्यानं पुसायची, नवजात बाळाला पुसतात तसं. मी कामावर जाताना जुनी गाडी किका मारमारून चालू करायची आणि ही बाजूला प्लास्टिकमध्ये गप उभी. खळ्यात मी जुन्याच गाडीवर सराव करत राहिली. हात त्या दुसऱ्या गाडीच्या क्लचसाठी आणि समोर ही आचके देणारी. बाया आता हसत नव्हत्या. त्यांनाही कळलं होतं काहीतरी.

स्पर्धेच्या सकाळी मी देवघरातून चावी उचलली. तिला हळदकुंकू लावून ठेवलं होतं, बोटांना लागलं. आई तुळशीला पाणी घालत होती, बाबूजी बाजारात गेले होते. मी अंगणात गेली आणि सीटवरचं प्लास्टिक ओढलं. ते सुटेना. मग दातांनी फाडलं. आईच्या हातातला गडू खाली पडला. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही, गाडी सुरू झाली होती.

मैदानावर एका टेबलाशी नावं लिहून घेत होते. मी माझं नाव सांगितलं. लिहिणाऱ्यानं गाडीचे कागद मागितले आणि म्हणाला, "कागज जिसके नाम, एंट्री उसी के नाम." मी म्हटलं चालवणारी मी आहे. तो म्हणाला, "अरे मैडम, बाद में ठीक कर देंगे, पीछे लाइन लगी है." मागे खरंच ओळ लागली होती आणि सगळे कुरकुर करत होते. मी भांडली. भांडून काही झालं नाही. हेल्मेट घातलं आणि ओळीत उभी राहिली. अंगात बाबूजींचं जुनं खाकी जॅकेट होतं, थंडी होती म्हणून.

माझी पाळी आली. आता ते वर्णन करायला गेली तर तुम्हाला वाटेल बढाई मारते. मारते. पहिले कोन मी असे घेतले की माझं मलाच कळलं नाही. गाडी माझ्या विचाराच्या आधी वळत होती. हिच्या हँडलचा शेवट मला शोरूमपासून पाठ होता. आठच्या आकड्यात नजर चाकाकडे ठेवायची नाही, जिथे जायचं तिथे ठेवायची. नजर जाते तिकडे गाडी जाते. मी मान वळवून पुढच्या वळणाकडे बघायची आणि गाडी मागून यायची. भोंग्यातून तो माणूस ओरडत होता, "वाह, क्या बैलेंस है! भाई साहब ने तो कमाल कर दिया!" भाई साहब! मला हेल्मेटच्या आत हसू आलं. फळी झाली. मग तो चुन्याचा पट्टा आला.

तिथे मी थांबल्यासारखी चालली. क्लच त्या एका जागी, मागचा ब्रेक नुसता धरलेला, आणि गाडी एका बोटाएवढी पुढे.  कडेला दोरीपाशी कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि मला न बघताही कळलं की बाबूजी आलेत, आणि त्यांच्या बाजूला कोण उभं आहे तेही कळलं. आईनं फोन केला असणार. लालबर्रावाला लग्नाचे कपडे घ्यायला शहरातच आला होता. मी तिकडे बघितलं असतं तर पाय टेकला असता. मी बघितलं नाही. मैदानाच्या पलीकडे एक कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याकडे बघत राहिली, पट्टा संपेपर्यंत.

पाय टेकला नाही. कुठेच नाही. त्या दिवशी आणखी कोणाला ते जमलं नाही, हे तिथल्या प्रत्येकानं बघितलं.

मग शेवटी नाव पुकारलं. लालबर्रावाल्याचं. भोंग्यातून, पूर्ण, बापाच्या नावासकट. मी गाडीवरच बसून होती, हेल्मेटचा पट्टा सोडत. तो मला रागवायला आला होता, त्याचं तोंड तसंच वाकडं होतं. नाव ऐकून तो जरासा गोंधळला. मग त्याच्या मामानं त्याला कोपरानं ढोसलं. आणि तो गेला. दोरी उचलून, केसांवरून हात फिरवत, चालत स्टेजवर गेला, आणि ट्रॉफी घेतली. दोन्ही हातांनी वर केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांचं काय, ते वाजवणारच. पण दोरीपाशी बाबूजी उभे होते, त्यांना माहीत होतं हेल्मेटमध्ये कोण आहे. ते माझं रोजचं जॅकेट ओळखत होते, ते त्यांचंच होतं. आणि त्यांनी स्टेजकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या.

मी हेल्मेट काढून स्टेजवर गेली. माईक ओढला आणि हिंदीतच म्हटलं, "गाड़ी मैंने चलाई है. मेरा नाम शीतल है."  मग तो भोंगेवाला हसून म्हणाला, "लो भाई, भाभीजी भी आ गईं! ये तो घर का मामला है, घर में निपटा लेना!" आणि सगळं मैदान हसलं. खळ्यातल्या बायांसारखं नाही, वेगळं हसलं. लालबर्रावाला माझ्या कानाशी म्हणाला, "आपलीच होय ना ते? घरातच राह्यन." हातातलं हेल्मेट मी त्याच्या टाळक्यात घालणार होती. घातलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. गाडी तिथेच सोडली, चावीसकट, आणि पायी घरी आली.

मग घरात जे झालं ते झालं. मी सांगून टाकलं की ज्याला दुसऱ्याच्या हक्काच्या टाळ्या पचतात त्याच्या घरी मी भाकरी थापणार नाही. पाहुणे आले, समजूत घातली, मामा येऊन शिव्या देऊन गेला. पोरगी तोंडाळ आहे ही बातमी हट्ट्यापासून लालबर्रापर्यंत मंडई मंडई फिरली. लग्न मोडलं. गाडी मात्र त्यांच्याकडेच राहिली, कागदच त्यांच्या नावाचे! पुढे एकदा ती मला लालबर्राच्या रस्त्यावर दिसली, मागे धानाची पोती बांधलेली, हँडल एका बाजूला वाकलेलं. बिचारी. तिचा काय दोष?

नंतर मी माझ्या पगारातून तसलीच गाडी घेतली, माझ्या नावावर. पुन्हा तोच सेल्समन होता, थोडा टकला झालेला, आणि त्यानं पुन्हा मला स्कूटीच दाखवली. माणसं बदलत नाहीत हो. लग्न केलं नाही की झालं नाही, हा लोकांचा आवडता विषय आहे. त्यांना मंडईत बोलायला काहीतरी पाहिजे. मैत्रिणी म्हणतात, आता कागद तुझ्या नावावर आहेत, उतर ना स्पर्धेत. मी म्हणते, का उतरू? मी जिंकलेली आहे. ते आधी मला आणून द्या. आठचा आकडा मी अजून रोज काढते, गोठ्यांच्या तोंडाशी, म्हशींच्या मधून. तिथे भोंगा नसतो.

पण सगळ्यांत जास्त राग मला लालबर्रावाल्याचा येत नाही. तो परका होता, परक्यासारखा वागला. भोंगेवाला तर पोटासाठी ओरडत होता. राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो, दरवर्षी, याच दिवसांत. कारण दरवर्षी हा ऑटो आला की बाबूजी ती गोष्ट सांगतात. आता रिटायर झालेत, ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजतात. आणि गोष्ट सांगतात.

आजही सांगत होते. बाजूच्या घरात नवीन मास्तर राहायला आलेत, बदली होऊन, छिंदवाड्याकडून. भोंगा गेला आणि मास्तर म्हणाले, गाडी हळू चालवण्याची काय स्पर्धा असते हो? झालं. बाबूजींनी कप खाली ठेवला आणि सुरू झाले. मी आत लशीची पेटी भरत होती, बर्फाच्या पिशव्या लावत होती, आणि सगळं ऐकू येत होतं.

"आमची शीतल पह्यली आलती ना! एकदाबी पाय नाई टेकवला. अख्खं मैदान पाहतच राह्यलं. गाडी कोणती घ्याची तेबी तिनंच ठरवलं होतं, मी म्हटलं लहान हाय, थे म्हणे नाई, हेच. भल्ली हुशार पोरगी!"

बाबूजींचा आवाज असा भरून आला होता की कोणालाही वाटावं, या माणसानं तेव्हा मैदानात पोरीला खांद्यावर घेतलं असेल. मास्तर कौतुकानं म्हणाले, "अरे वा! मग ट्रॉफी दाखवा ना." आणि त्यांनी ओसरीतल्या फळीकडे बघितलं. तिथे बाबूजींच्या सेंडऑफचं घड्याळ आहे आणि गणपती आहे.

"ते... हाय ना कुठी तरी," बाबूजी म्हणाले.

मी पेटी हातात घेऊन बाहेर आली. एवढी वर्षं मी हे आतून ऐकत आली होती. मास्तर नवीन आहेत, त्यांच्यासमोर नको, असं आईनं डोळ्यांनी सांगितलं. मी पेटी खाली ठेवली.

"बाबूजी, त्या दिवशी टाळ्या कोणासाठी वाजवल्या होत्या?"

ते हसले आधी. मग माझ्या तोंडाकडे बघून हसणं थांबवलं. "तुह्यासाठीच ना, बेटा."

"मग मायं नाव काहून नाही सांगितलं? तुम्ही म्हटलं असतं तर कोणी हासलं नसतं."

मास्तर उठायला लागले. बाबूजींनी त्यांचा हात धरला, बसा म्हणून. बसा तर त्यांनी म्हटलं, पण बघत माझ्याकडे होते. मला त्यांची दया आली, तरी राग गेला नाही.

"कसा सांगू, बेटा?" ते म्हणाले. "समदे पाहून राह्यले होते. त्यायच्याकडले लोक, आपल्याकडले लोक..."

"मीबी पाहून राह्यली होती, बाबूजी."